ज्यानं बांधला, त्यानं सोडायचा

वडील बाकावर थोडे सरकले, शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाले, "बसा ना साहेब. गाडीला वेळ हाय अजून." बस्स, एवढंच. जव्हारच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी कुणीही कुणालाही ज्या आवाजात बसायला सांगतो त्याच आवाजात, आदबीने, किंचित ओशाळून. गौतम बसला. तासभर सगळा बाजार पालथा घालून तो इथे आला होता, रागाने फणफणत. न सांगता घराबाहेर पडायचं नाही हे बाबांना कितीदा बजावलंय, हे वाक्य ओठांवर तयार होतं, ते तिथेच राहिलं. पंचायत समितीत लिपिक असलेल्या माणसाला दिवसभर साहेब म्हणणारे पुष्कळ भेटतात. खेड्यापाड्यांतून आलेली, टेबलासमोर चपला काढून उभी राहणारी माणसं. आज त्यांच्या रांगेत देवजी, त्याचा बाप, येऊन उभा राहिला होता. आजवर या तोंडून त्याने गौत्या ऐकलं होतं, गाढवा ऐकलं होतं, आजारपणात कधीतरी नुसतंच 'पोरा' ऐकलं होतं. 'तुम्ही' मात्र कधी ऐकलं नव्हतं.  त्याला आपण रडू की काय अशी भीती वाटली, आणि स्टँडवर ओळखीचे लोक होते.

"कुणाची वाट बघताय?" त्याने विचारलं. आपल्याच बापाला, परक्यासारखं. "पोरगा यायचाय ना," देवजी म्हणाले. "ढवळू. थोरला. ठाण्याला असतो कामाला. कसाऱ्याला रेल्वेतून उतरतो, आन् तिथून जीपनं येतो. गावात बोहडा आलाय ना जवळ, देवांची सोंगं नाचत्यात, दरसाल येतो तो." चेहरा उजळला होता. ढवळूची उंची हाताने दाखवली, ढवळू कसा हसतो ते सांगितलं. ढवळूला जाऊन वर्षं झाली होती. गौतम तेव्हा शाळेत होता आणि आता त्याच्या कानशिलांवर पांढरं आलं होतं. गेलेला मुलगा नावागावासकट, गाडीच्या वेळेसकट शाबूत होता आणि जिवंत मुलगा शेजारी बसलेला साहेब झाला होता. गौतमला हेवा वाटला. स्वतःच्या मेलेल्या भावाचा हेवा करणारा माणूस जगात आपणच असू, असंही त्याला वाटलं, आणि मग त्याने वडिलांचा हात धरून "चला, मी सोडतो घरी" म्हटलं. ते निमूटपणे उठले. साहेबांनी सांगितल्यावर लोक उठतातच.

सुरुवात तशी कुणाच्या लक्षात आली नव्हती. आई वारली तेव्हा पोशेऱ्याचं, गावचं घर बंद करून गौतमने त्यांना जव्हारला आणलं. म्हातारा माणूस, नवी जागा, चहात साखर दोनदा घातली तर कोण मनावर घेतो? मग ते संध्याकाळी विचारू लागले, "ढवळू आला का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा घरात सगळ्यांनी गौतमकडे पाहिलं. गौतमने जवळ बसून समजावून सांगितलं, "बाबा, दादा गेला ना. तेव्हाच. जीप पडली घाटात." आणि देवजींनी ते नव्याने ऐकलं. जुनी बातमी पुन्हा ऐकणाऱ्या माणसासारखं नव्हे, पहिल्यांदा ऐकणाऱ्यासारखं. तोंड उघडं राहिलं, हात हवेत काहीतरी धरायला गेले. रात्री जेवले नाहीत. सकाळी सगळं पुसलं गेलेलं, आणि संध्याकाळी पुन्हा, "ढवळू आला का?" खरं बोलावं हे गौतमला शाळेपासून शिकवलेलं. तो खरं बोलत राहिला आणि रोज संध्याकाळी बापाला नवं दुःख देत राहिला. शेवटी हर्षदाच, त्याची बायको, चिडली. ती आश्रमशाळेत शिकवते, पोरांच्या खोट्या सबबी तिला चटकन कळतात आणि तितक्याच चटकन ती त्या माफही करते. ती म्हणाली, "अहो, कशाला रोज रोज मारता त्यांना? येतोय म्हणा, वाटेत आहे म्हणा." मग तो म्हणू लागला की दादा कसाऱ्याला उतरलाय. त्याचा परिणाम एवढाच झाला की देवजी चपला घालून स्टँडवर जाऊन बसू लागले.

त्या साहेब-प्रकरणानंतर हर्षदाने ऐकलंच नाही. नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. गाडी भाड्याने केली. मोखाडा मागे पडला, पोशेरा आला. रस्त्याच्या कडेला तोच फाटा, तीच नागलीची उतरती शेतं, कापणी होऊन मोकळी पडलेली. गौतम वडिलांकडे बघत राहिला. देवजी काचेतून बाहेर बघत होते, पाहुण्यासारखे. "बरं गाव दिसतंय," ते म्हणाले. ड्रायव्हर हसला, त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. त्र्यंबककडे चढताना पुढची एक जीप रिव्हर्समध्ये मागे येऊ लागली, तिचा टीं टीं आवाज सुरू झाला, आणि देवजींनी एकदम पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली. गाव विसरलं होतं, पण हे नव्हतं विसरलं. गौतमचे स्वतःचे हातही मांडीवर आवळले गेले होते, हे त्याला जरा वेळाने कळलं.

मेंदूचा फोटो काढायची खोली थंडगार होती. बेल्ट, किल्ल्या, मोबाईल बाहेर ठेवून गौतमला आत उभं राहायला दिलं, कारण पेशंट घाबरतोय. देवजींना फळीवर निजवलं, कानांत कापसासारखं काही घातलं आणि तिथल्या माणसाने त्यांच्या चेहऱ्यावर जाळीचा टोप आणून खटकन बसवला. गौतमला वाटलं होतं, आता ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. उलट एकदम शांत झाले, मान सरळ केली, हनुवटी किंचित वर, आणि टोपाच्या आतून ओळखीच्या, तरण्या, हुकमी आवाजात म्हणाले, "नीट बांध रं. सैल नको."  फळी आत सरकली, यंत्र ठोकायला लागलं. धाडधाड, मग थांबून ठकठकठक, मग पुन्हा धाडधाड. आणि बाहेर राहिलेल्या पायांत हालचाल सुरू झाली. आधी टाच उचलली गेली, मग दुसरी, मग दोन्ही पाय त्या ठोक्यावर आडव्यानेच नाचायला लागले. काचेपलीकडून स्पीकरवर आवाज आला, "आजोबा, हलू नका! त्यांचे पाय धरा हो!" गौतमने पाय धरले. पण कसे थांबवायचे ते, आणि कशाला? या पायांना संबळ ऐकू येत होता. पोशेऱ्याच्या बोहड्यात नरसिंहाचा मुखवटा त्यांच्या घराकडे होता, आज्यापासून चालत आलेला. लाकडाचा, जबडा उघडा, दर जत्रेआधी नवा रंग दिलेला. एकेक देव, एकेक राक्षस आपापल्या घरातून निघतो, संबळ आणि पिपाणीच्या तालावर फेरा धरतो, आणि नरसिंहाची पाळी शेवटच्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर. डोक्याला लुगड्याचं फडकं गुंडाळायचं, त्यावर मुखवटा ठेवायचा, मागे सुती दोरीच्या गाठी मारायच्या. एकदा बांधला की आतल्या माणसाला कुणी नावाने हाक मारायची नाही. आणि तो त्याने स्वतःच्या हाताने काढायचा नाही. ज्यानं बांधला, त्यानं सोडायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग काही होवो.

दरसाल देवजींना मुखवटा ढवळू बांधायचा. त्या वर्षी ढवळू आला नव्हता. आदल्या संध्याकाळी यायचा तो सकाळ झाली तरी नाही, आणि संबळवाले खोळंबलेले. देवजी म्हणाले, "गौत्या, तू बांध. आता मोठा झालास." केवढा आनंद झाला होता तेव्हा! दादा उशीर करतोय ते बरंच झालं, असंसुद्धा मनात येऊन गेलं होतं. सैल राहू नये म्हणून त्याने जीव खाऊन गाठी ओढल्या. वडील अंगणातून मैदानात गेले, फेरा सुरू झाला, धूळ उडायला लागली. तेवढ्यात कसाऱ्याच्या वाटेवरच्या खोडाळ्याकडून मोटरसायकलवर कुणीतरी आलं आणि गावातल्या जाणत्या फागूआज्याच्या कानाशी लागलं. बातमी गर्दीतून कशी गेली ते गौतमने पाहिलं. एकेक चेहरा बंद होत गेला, बायांनी पदर तोंडाला लावले. संबळवाल्यालाही कळलं, पण त्याच्या हातातला ताल सुटला नाही. देवाचा फेरा अर्धा टाकायचा नसतो. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि मधोमध फक्त एक माणूस, मुखवट्याच्या आत, काही न कळता, आजवर कधीच नाचला नव्हता तसा नाचत होता. फागूआज्या गौतमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तूच बांधलायस, तुलाच सोडाया पायजे. आन् तूच सांग." फेरा संपला. वडील पाटावर पाठ करून बसले. "सोड रं." बोटं गाठीवर गेली आणि तिथेच राहिली. दोरी घामाने भिजून आवळली होती, की बोटांनाच नको होतं, कोण जाणे. "सोड ना, श्वास कोंडतोय." सोडला की आतून बाप निघणार आणि त्याला सांगावं लागणार. जोवर बांधलेला आहे तोवर दादा जिवंत आहे, निदान एका माणसापुरता तरी. शेवटी गाठ सुटली. आतून लाल झालेला, घामाने निथळणारा, हसरा चेहरा निघाला आणि त्याने विचारलं, "कसा नाचलो? ढवळू आला का?"

आत्तासुद्धा यंत्राच्या पोटातून आवाज आला, "सोड रं. सोड आता." स्पीकरवाला म्हणाला, आणखी थोडंच, थांबवू नका. गौतमची बोटं वडिलांच्या घोट्यांवर बधिर झाली होती. तो अर्थातच सोडू शकत नव्हता. बांधला त्याने नव्हता. फोटो सगळे हललेले आले. मग झोपेचं इंजेक्शन देऊन पुन्हा काढावे लागले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाई न करणाऱ्या. पडद्यावर काळापांढरा मेंदू लावून त्यांनी पेनाने दाखवलं. "ही आठवण साठवायची जागा. दोन्ही बाजूंना असते, कानाच्या आत खोलवर. यांची वयाच्या मानाने फारच आकसलीय. हे काळं दिसतंय ना, ते पाणी. मेंदू आकसतो तिथे पाणी भरतं." मग त्यांनी झोपेबद्दल विचारलं, दचकण्याबद्दल विचारलं. गौतमने जीपचं सांगितलं, बोहड्याचं सांगितलं, थोडक्यात, सरकारी अहवालासारखं. त्या ऐकत राहिल्या. "तेव्हा कुणाला दाखवलं होतं? बोलले कधी त्यावर?" गौतमला हसूच आलं. पोशेऱ्यात तेव्हा तापाला गोळी मिळायची मारामार, मन कुणाला दाखवणार? बाबा रडले नाहीत एवढंच लोकांना माहीत होतं, आणि खंबीर माणूस म्हणून त्यांचं गावात नाव झालं होतं. मुखवटा चुलत्याच्या घरी गेला. संध्याकाळी खोडाळ्याच्या वाटेकडे तोंड करून ओसरीवर बसायची सवय लागली, ती आईने कधी मोडू दिली नाही. झोपेत ओरडायचे ते आईच निस्तरायची.

"असा आघात वर्षानुवर्षं धरून बसलेल्या लोकांचीही हीच जागा लहान झालेली दिसते," बाई म्हणाल्या. "आणि अशांना पुढे विसरण्याचा आजारही जास्त होतो, असं दिसून आलंय. यांच्यात आजारानं किती खाल्लं आणि त्या सकाळनं किती, हे मात्र हा फोटो सांगू शकत नाही. मुंबईला आणखी एक तपासणी होते, पण उपचार त्यानं बदलणार नाही." गौतम पडद्याकडे बघत होता. कुठेतरी, त्या करड्या वळ्यांत, धुळीचं मैदान असणार, मोटरसायकल असणार. त्याने विचारलं, "ती आठवण कुठे आहे, दिसते का?" बाई हसल्या नाहीत. "जागा दिसते. आठवण नाही दिसत." आणि मग गौतमने ज्यासाठी तो खरा इथवर आला होता ते विचारलं. नाहीतरी सगळं विसरणारच आहेत, तर तेवढं एक आधी विसरतील का? बाकी काहीही गेलं तरी चालेल, गाव जाऊ दे, आई जाऊ दे, पण ती एक सकाळ जाऊ दे. मरण्याआधी थोडे दिवस तरी बाबांनी कुणाची वाट न बघता चहा प्यावा, दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "साधारणपणे उलटं होतं. अलीकडचं आधी जातं. जुनं, खोल गेलेलं, सगळ्यांत शेवटी." "म्हणजे मी आधी," गौतम म्हणाला.  आपणही त्या फळीवर आडवं व्हावं आणि आपल्या डोक्यातली गाठ कुठे दिसते ते बघावं, असा एक खुळा विचार त्याच्या मनात आला. तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

पुढचं जे झालं ते गौतमने ठरवून केलं नाही, हे निदान त्याच्या बाजूने सांगायला हवं. थंडी सरत आली होती. ऑफिसच्या कामाने मोखाड्याला गेलेला, परतायला एसटी चुकली म्हणून जीपने आला, खांद्याला बॅग. स्टँडसमोर उतरला, आणि बाकावरून देवजी उठून, अक्षरशः धावत आले. "ढवळू! आलास रं!" त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, कानांमागे बोटं घट्ट रुतवली. "किती उशीर! वाळलास किती!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. साहेबाला कोण हात लावतो? आता ते त्याच्या गालांवरून, केसांवरून हात फिरवत होते. गौतमने नाही म्हटलं नाही. एवढंच केलं त्याने. नाही म्हटलं नाही. "आलो बाबा," तो म्हणाला.

घरी हर्षदाने ऐकलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पानं घेतली. लेकीला, लहानग्या स्वराला सांगितलं की आजोबा बाबांना ढवळू म्हणतील, हसायचं नाही. ती दोन दिवस हसली, मग तिलाही सवय झाली. आणि घर बदललं, कबूल करायला हवं. स्टँडवर जाणं थांबलं. देवजी झोपायला लागले. नागलीच्या भाकरीबरोबर चटणी मागून घ्यायला लागले. संध्याकाळी कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. गौतम ऑफिसातून आला की 'ढवळू' अशी हाक यायची आणि तो 'ओ' द्यायचा. इतका सहज, की एकदा ऑफिसात कुणी गौतम म्हणाल्यावर त्याने वर बघितलंच नाही. गंमत म्हणजे देवजी ढवळूपाशी गौतमबद्दल बोलत. "गौत्या साधा हाय. त्याला कुणी बी फसवील. तू बघत जा त्याच्याकडं." कधी म्हणत, "अभ्यासात हुशार हाय तो. तुझ्यासारखा उंडगा नाय." आयुष्यात तोंडावर एकदा कौतुक न केलेला बाप मुलाचं कौतुक मुलालाच, दुसऱ्याच्या नावाने सांगत होता. गौतमला ते ऐकायची चटक लागली. तो मुद्दाम विषय काढायचा, "गौत्या कसा आहे हो?" आणि बाप बोलत राहायचा. हर्षदा एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "फार रमू नका." त्याला राग आला. थोडं सुख पदरात पडलं तर तेही पारखून घ्यायचं की काय?

रविवारी तो त्यांना जव्हारबाहेरच्या शिरपामाळावर घेऊन गेला. सहलीला आलेली माणसं फोटो काढत होती, वारा होता, खाली सगळे डोंगर वाळके पिवळे पडलेले. देवजी दगडावर बसले. दूर कुठेतरी लग्नाचा बँड की काय वाजत होता. ते ऐकत राहिले, टाच हलली. "बोहडा झाला का रं या साली?" "व्हायचाय." "त्या साली तू नव्हतास. गौत्यानं बांधला व्हता. लय घट्ट बांधला पोरानं, मानेला वळ उठला. मी त्याला कंदी बोललो नाय."  इतक्या वर्षांत त्या सकाळबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं. "सोडताना हात थरथरत व्हते त्याचे. गाठ सुटंना. मला आतून कळत व्हतं. बारकी बोटं, गार पडलेली. मी म्हटलं, याला झालं काय?"  कपाळाला आठ्या पडल्या. मेंदूच्या त्या आकसलेल्या जागेत कुणीतरी काहीतरी शोधत होतं, आणि गौतमला ते दिसत होतं, पडद्यावर दिसावं तसं. त्याने घाईने म्हटलं, "चला बाबा, ऊन झालं." "थांब. तो काहीतरी बोलला. मुखवटा काढला आन् बोलला. कुणीतरी गेलं म्हणाला. जीप पडली." देवजींनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं, नखशिखांत. "तू तर हायस." "हो बाबा, मी आहे." "मग जीपमध्ये कोण व्हता?"

वारा होता, पलीकडे कुणी पोरांना कड्यापासून लांब राहा म्हणून ओरडत होतं.  गौतमला दुसरं कुणाचं तरी नाव सांगता आलं असतं, कुणाचंही. पण त्याची जीभ उचलली नाही, त्या सकाळी आधी उचलली नव्हती तशीच. देवजींचं तोंड हळूहळू उघडलं, हात हवेत काहीतरी धरायला गेले. "गौत्या," ते म्हणाले. "माझा गौत्या व्हता त्यात. आन् मी नाचत बसलो."

तो त्यांच्या पायाशी बसला. "बाबा, मी गौतम. इकडे बघा. मीच गौत्या. मीच बांधला होता मुखवटा. दादा गेला, मी आहे." हे तो पुनःपुन्हा म्हणाला, लोक बघत होते तरी म्हणाला. देवजींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला, रागाने नव्हे. "असं बोलू नये बाळा. गेलेल्याचं नाव आपल्या अंगावर घेऊ नये. तू तरी आलास. तू तरी." गौतमने डोकं त्यांच्या मांडीवर टेकवलं. वडिलांची बोटं त्याच्या मानेमागे गेली, केसांत फिरली, जिथे दोरीच्या गाठी यायच्या नेमक्या त्या जागेवर थांबली. तो वाट बघत राहिला. त्याला खरंच वाटलं की आता ती काहीतरी शोधतील आणि सोडवतील, आणि आपण बाहेर येऊ. बोटांनी त्याची कॉलर सरळ केली.

दुसऱ्या दिवशी ते विसरतील, हीच एक आशा होती. हर्षदाही तेच म्हणाली. सकाळी ते विसरलेही, चहा प्यायले, स्वराशी बोलले. संध्याकाळी गौतम घरी आला तेव्हा ते दाराकडे तोंड करून बसलेले होते. "ढवळू, तू आलास," ते म्हणाले, "गौत्या कुठं हाय?" आणि त्याने काही सांगायच्या आत त्यांना स्वतःलाच आठवलं. मग रोजच. आता सांगावंही लागत नव्हतं कुणाला. दुःख तेवढंच होतं, जागेवरच होतं. फक्त त्यातलं नाव बदललं होतं. कुणीतरी मरायला हवंच होतं त्या सकाळी, आणि ढवळू घरी आल्यावर दुसरा कोण उरला? पुन्हा साहेब व्हावं म्हणून गौतमने प्रयत्न करून पाहिला. बॅग घेतली नाही, लांबून नमस्कार केला. देवजी म्हणाले, "ढवळू, असं रं काय करतोस?" ते नाव आता पक्कं बसलं होतं.

एका संध्याकाळी जेवायला बसताना देवजींनी हात मागे घेतला. हर्षदाने विचारलं, "काय झालं बाबा?" "आधी त्याचं पान वाढ, सूनबाई. त्याला जाऊन दिवस झाले, कुणी त्याला जेवू घातलं नाय." हर्षदा गौतमकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती मान हलवत होती, नाही म्हणून. गौतम म्हणाला, "वाढ." तिने पान घेतलं. भात वाढला, वरण वाढलं, गौतमला आवडते म्हणून केलेली उडदाची डाळ वाढली. देवजींनी भाकरीचा एक तुकडा मोडून आपल्या हाताने त्यावर ठेवला. स्वराने विचारलं, हे कुणाचं? 

"तू थोरला," देवजी म्हणाले. "तू नेऊन ठेव. आन् हाक मार. हाक मारल्याबिगर येत नाय ते." गौतमने पान दोन्ही हातांनी उचललं. दार उघडून तो पायरीवर आला, कठड्यावर पान ठेवलं. खाली रस्त्यावर दिवे लागत होते, एक जीप मागे येत होती आणि टीं टीं वाजत होती. त्याने घसा खाकरला आणि स्वतःला हाक मारली. "गौतम, ये. जेवायला ये." समोरच्या घरातल्या बाईने वर पाहिलं.

आतून वडिलांचा आवाज आला, "मोठ्यानं मार रं. लांब हाय तो."

त्याने मोठ्याने हाक मारली.